बटण दाबायचं की नाही

डोळे तपासायला माणूस आपल्या पायांनी जातो, कान तपासायला त्याला न्यावं लागतं. अक्षर धूसर दिसलं तर दोष डोळ्याचा, हे शाळकरी पोरालाही कळतं. ऐकू कमी यायला लागलं की मात्र दोष समोरच्याचा असतो. सुना तोंडातल्या तोंडात बोलतात, नातवंडं भरभर बोलतात, टीव्हीवरच्या बातमीदारांचे उच्चार धड नाहीत, मोबाइलला रेंज नाही. यातलं थोडंफार खरंही असतं, म्हणून तर ते वर्षानुवर्षं खपून जातं. कानाची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा त्या कानाचा मालक नसतोच. ती त्याची बायको असते, नाहीतर शेजारी, ज्याला भिंतीपलीकडून रात्रीची मालिका पाठ झालेली असते.

आमच्याकडे तक्रार मामींची होती. "यांना ऐकू सगळं येतं, पण पाहिजे तेवढंच," असं त्या येईल त्याला सांगायच्या. हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती स्वयंपाकघरांत रोज म्हटलं जातं, कोण जाणे. मामींच्या मते दोष मामांच्या स्वभावात होता आणि मामांच्या मते मामींच्या आवाजात. शेवटी मिरजेला जाऊन कान रीतसर तपासून घ्यायचे ठरले. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कोल्हापूर-सांगलीच नव्हे, पार कर्नाटकातल्या खेड्यांतली माणसं दुखणं घेऊन तिथे येतात. शिवाय ते तंबोऱ्यांचंही गाव. या जोडीचा मला त्या दिवशी फार उपयोग झाला, पण ते पुढे.

मामांचा जन्म इचलकरंजीत साध्या मागांवर गेला. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे गल्लोगल्ली शेड उभ्या राहिल्या. धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत आदळतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि एका पत्र्याखाली असे कितीतरी माग एकदम चालू असतात. अशा ठिकाणी आवाज नव्वद डेसिबलच्या वरच असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. मामांची पाळी बारा तासांची. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तर आवाजाने येणारं बहिरेपण रोग म्हणून नोंदलेलं होतं. मामांच्या शेडमध्ये ते परिशिष्ट कुणी वाचलं नव्हतं. तिथे लोकांनी आपापला उपाय काढला होता: कानात सुताचा बोळा, आणि बोलणं ओठांनी. जॉबरला हाक मारायची नाही, हात करायचा. तोंडातून आवाज न काढता शेडच्या या टोकाहून त्या टोकाला शिवी पोचवता येते, हे मामा अजून अभिमानाने सांगतात. ही विद्या त्यांना किती महागात पडली होती, ते मिरजेत कळलं.

तपासणीची सुरुवात यंत्राने होत नाही, गप्पांनी होते. ऑडिओलॉजिस्ट मॅडम वयाने मामांच्या नातीएवढ्या. कधीपासून कमी येतं, एका कानाने की दोन्ही, लहानपणी कान फुटला होता का, चक्कर येते का, साखर आहे का, टीबीची इंजेक्शनं कधी घेतली होती का, घरात आणखी कुणाला. स्ट्रेप्टोमायसिनसारखं औषध जीव वाचवतं आणि कधीकधी कान घेऊन जातं, म्हणून तो प्रश्न. आणि मग, "काका, कानात कसला आवाज येतो का?" मामा म्हणाले, "शिट्टी वाजत असती बारीक. रात्री जास्त. ती तर सगळ्यांनाच वाजती की." मामींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही शिट्टी त्यांना पहिल्यांदाच कळत होती. मॅडमनी त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली: कधी एका रात्रीत एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. असे कान वेळेत औषध मिळालं तर परतण्याची शक्यता असते; आठवडे गेले की ती संपत जाते.

नंतर दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्राने कानात डोकावून झालं. मळ असेल तर तो आधी काढून मगच तपासणी, नाहीतर रिपोर्ट मळाचा येतो. आपल्याकडे लसूण घालून कढवलेलं तेल, हेअरपिन, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी या सगळ्याची कानात ये-जा असते. कानाचा मळ हा बहुतेक वेळा आपोआप बाहेर येणारा पदार्थ आहे, त्याला आत ढकलण्याचं काम आपण करतो. मामांचे कान स्वच्छ निघाले, म्हणजे सोपं कारण गेलं.

मग ती खोली. आत भिंतींना जाड स्पंज, दार ओढून दाबून लावायचं, मधे काच. टोपी काढा, चष्मा काढा. बाई असतील तर कुड्या काढा. लाल हेडफोन उजव्या कानावर, निळा डाव्यावर, हातात एक बटण. आणि सूचना: "बारीकसा जरी आवाज आला, आल्यासारखा वाटला, तरी दाबायचं."

या एका वाक्यात सगळी तपासणी आहे, आणि आपली माणसं नेमकी याच वाक्यावर अडखळतात. कारण आपण परीक्षेत वाढलेली माणसं. परीक्षेत उत्तर येतं किंवा येत नाही, आणि येत नसेल तर ते दिसू द्यायचं नसतं. इथे यंत्राला उत्तर नकोच असतं. त्याला हवी असते ती जागा, जिथे तुमची खात्री संपते. आवाज ऐकू आला की मॅडम तो दहा डेसिबलने उतरवतात, नाही आला की पाचाने चढवतात, परत उतरवतात, परत चढवतात. असं करत करत ज्या पातळीवर निदान निम्म्या वेळा ऐकू येतो, तो तुमच्या कानाचा उंबरठा. शंभरातले शंभर नव्हे, निम्मे. म्हणजे जिथे माणूस स्वतःशीच "आला का? आला वाटतं" म्हणतो, तिथेच पेन टेकवायचं. पैकीच्या पैकी मार्कांना इथे काही किंमत नाही. उलट सारखं बटण दाबत सुटणाऱ्याची तपासणी पुन्हा करावी लागते.

मामा सारखंच दाबत होते. काचेतून मला त्यांचा अंगठा दिसत होता. आवाज नसतानाही दिवा लागायचा. मॅडम शांतपणे हात आखडता घ्यायच्या, मधे जास्त वेळ जाऊ द्यायच्या, कधी पटपट दोन आवाज सोडायच्या, म्हणजे तालाने दाबणारा उघडा पडतो. सुरुवात १००० हर्ट्झने झाली होती. वरच्या पट्ट्या संपवून त्या पुन्हा १०००वर आल्या. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या आकड्यांत फार फरक पडला तर माणूस अंदाजाने दाबतोय, हे कळतं. दार उघडून त्या मामांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काका, नाही आला तर नाही आला. मला तेच पाहिजे." मामांना हे पटायला थोडा वेळ लागला. मला त्यांच्या बटण दाबण्यात त्यांचं निम्मं आयुष्य दिसलं. लग्नकार्यात, मयताला, बँकेत, मुलाच्या फोनवर, कळलं नाही तरी "व्हय व्हय" म्हणून पुढे सरकायचं. कमी ऐकू येणारी माणसं आपल्याला वाटतात तितकी "काय?" म्हणत नाहीत. बरीचशी हसून मान हलवतात.

हेडफोनमधून येतो तो सूर मी नंतर स्वतः ऐकून पाहिला. मिरजेत बसून तो ऐकण्यात एक गंमत आहे. सतारमेकरांच्या गल्लीत कारागीर तंबोऱ्याची घोडी घासत, तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी काढतो. मूळ स्वराच्या वर तरळणारे सगळे उपस्वर मोकळे व्हावेत, त्यासाठी ही खटपट. ऑडिओमीटरचा सूर याच्या बरोबर उलट. त्यात एकच कंपनसंख्या, वर काही नाही, खाली काही नाही. जवारी संपूर्ण काढून टाकलेला स्वर. तो कुणाला आवडणार नाही, पण त्यामुळेच कानाचा एकेक कोपरा वेगळा करून विचारता येतो. २५० म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या जरासं खाली. तिथून ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. दर वेळी दुप्पट, म्हणजे पाच सप्तकं. शेवटच्या टोकाला पेटीची पट्टीच पोचत नाही.

हेडफोन झाल्यावर कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवून हीच कसरत पुन्हा. आवाज कानाच्या नळीतून, पडद्यातून आणि तीन हाडांच्या साखळीतून न जाता कवटीच्या हाडातून थेट आतल्या शंखात जातो. हाडातून चांगलं ऐकू येतं आणि हवेतून नाही, तर अडचण वाटेत आहे: पडद्याला भोक, आत पाणी, घट्ट झालेलं हाड. त्यातलं पुष्कळसं औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं. दोन्हीकडून सारखंच कमी, तर दुखणं शंखात किंवा नसेत. कंपणारा चिमटा कपाळावर आणि कानामागे टेकवून डॉक्टर हेच विचारत आले. त्यातली कानामागची पद्धत आडोल्फ रिने या जर्मन डॉक्टरांनी १८५५ मध्ये लिहून ठेवली. हाडावरच्या तपासणीच्या वेळी दुसऱ्या कानात मुद्दाम सूंऽऽ असा आवाज सोडतात. तो बिघाड नव्हे. चांगल्या कानाने वाईट कानाची उत्तरं सांगू नयेत, यासाठी त्याला गुंतवून ठेवलेलं असतं. इम्पिडन्स नावाच्या तपासणीत कानाला बूच लावून हवेचा दाब कमीजास्त करतात, पडदा किती हलतो ते कागदावर उमटतं. त्यात आपण काहीच करायचं नसतं, बोलायचं नाही आणि आवंढा गिळायचा नाही.

खरी तपासणी माझ्या मते यानंतरची. मॅडम माइकवर एकेक शब्द म्हणणार, मामांनी तो तसाच परत म्हणायचा. आवाज मामांना आरामात ऐकू येईल इतका मोठा. मामा खुशीत पुढे सरकून बसले, काचेपलीकडे मॅडमच्या तोंडाकडे पाहत. मॅडमनी हातातलं पुठ्ठ्याचं पॅड उचललं आणि ओठांसमोर धरलं.

"तोंड झाकून बोलतीस व्हय?" मामा आतून ओरडले. "कसं कळायचं मग?"

हेच. करोनाच्या काळात मास्क आले आणि घराघरांतल्या कितीतरी माणसांना एकाएकी कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा त्यांचे कान बिघडले नव्हते, नुसते ओठ दिसेनासे झाले होते. मामांचे कान वर्षानुवर्षं त्यांच्या डोळ्यांनी चालवले होते. मागावर शिकलेल्या त्या विद्येने त्यांचा बहिरेपणा आमच्यापासून आणि त्यांच्या स्वतःपासूनही लपवून ठेवला होता. मामी स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या, भांड्यांच्या आवाजात बोलल्या की मामांना कळायचं नाही. समोर येऊन भांडल्या की सगळं कळायचं. "पाहिजे तेवढंच ऐकू येतं" याचा उलगडा इतका साधा होता.

पुठ्ठ्याआडून आलेल्या शब्दांत मामा घसरले. "साप"चा "ताप" झाला, "काठी"ची "पाटी". काही शब्दांना ते नुसतेच थांबले. आवाज वाढवूनही काही शब्द सुधारले नाहीत, आणि हे मला सर्वांत बोचलं. आपण समजतो की बहिऱ्याशी मोठ्याने बोललं की झालं.

कागदावर त्याचं कारण दिसत होतं. आलेखात डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे तारातले. आणि आवाज खाली खाली मोठा होत जातो, म्हणजे रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. वरचं शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येतो त्या आवाजाची ती सरासरी आहे, त्यामुळे एखादा तिखट कानाचा माणूस उणे आकड्यातही जातो. मामांची रेघ २५० आणि ५००ला वीसच्या आसपास पठारावर होती, १०००ला तिशीत आली, तिथून घाट उतरून ४०००ला पंच्याहत्तरवर जाऊन बसली, आणि ८०००ला थोडी वर चढली. ४०००चा हा खड्डा आवाजात काम केलेल्यांची सही आहे. मॅडमनी कागद हातात घेतला आणि मामांकडे न बघता म्हणाल्या, "मागावर होता ना?" त्यांच्याकडे तसे पुष्कळ येतात. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासले, तेव्हा असा आलेख काढायची सोयही नव्हती. पण दुखणं हेच होतं.

आपल्या बोलण्यातले स्वर, आ, ऊ, ओ, यांचं बळ खालच्या पट्ट्यांत असतं. स, श, त, थ, ख, फ ही मंडळी वर राहतात, आणि तीही हलक्या आवाजात. खालचं शाबूत आणि वरचं गेलं, की माणसाला बोलणं चाललंय ते ऐकू येतं, काय चाललंय ते कळत नाही. मामांना तंबोरा ऐकू येईल, जवारी येणार नाही. शंखातल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी हे वरचे स्वर टिपतात त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र उरलेल्या पेशींना मदत करतं, पण गेलेल्यांच्या जागी बसत नाही. ते लावल्या लावल्या तरुणपणचा कान परत येईल, अशी जाहिरात कुणी करत असेल तर त्याच्याकडून यंत्र घेऊ नये, हे माझं मत.

मामांचा प्रश्न सगळ्यांचाच असतो: "म्हणजे किती टक्के?" डेसिबलला टक्के नसतात. तो दहाच्या पटींचा हिशेब आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दसपट, वीस वाढले की शंभरपट. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी टक्के काढतात, पण २०१६च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांमध्ये ६० ते ७० डेसिबल गेले असतील तर कमी ऐकू येणारा आणि ७०च्या पुढे बहिरा. मामांच्या आकड्यांची सरासरी कशीही काढली तरी ती साठाच्या पुष्कळ अलीकडे राहते. डावीकडचं पठार उजवीकडची दरी झाकून टाकतं. सरासरी सरकारला सोयीची असते. मामांना मात्र नातवाचा "आजोबा, शाळेत..." यातला श लागतो.

आम्ही बाहेर रिपोर्टसाठी बसलो होतो तिथे एक तरुण बाई तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. बेरा करायची होती, त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. वाटेत झोपू देऊ नका असं सांगितल्यामुळे तिने एसटीत सगळा वेळ त्याला जागं ठेवलं होतं, आणि आता ते डोळे टक्क उघडून पंख्याकडे बघत होतं. ज्यांना बटण दाबता येत नाही त्यांच्यासाठी या तपासण्या. बेरात डोक्याला तारा चिकटवून, कानात टकटक सोडून, मेंदूपर्यंत जाणाऱ्या लहरी मोजतात. ओएई तर याहून अद्भुत. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लंडनमध्ये दाखवलं की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, थोडासा परतही देतो, आणि तो माइकने टिपता येतो. नवजात बाळाचा कान असा दोन-चार मिनिटांत चाचपता येतो. महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, हा जगभरचा दंडक. मुलगा उशिरा बोलतो, त्याचा बापही उशिरा बोलला होता, यात आपण वर्षं घालवतो. त्या बाईने घालवली नव्हती.

बाजारपेठेत एका दुकानावर मोफत कानतपासणीचा फलक होता. मोफत असण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर पंखा, समोर रिक्षा आणि हातात विकायचं यंत्र, अशा जागी केलेल्या तपासणीत पहिला बळी खालच्या पट्ट्यांचा जातो. पंख्याच्या घरघरीत त्या बुडतात आणि चांगला कान वाईट ठरतो. बंद खोली आहे का, हाडावरची तपासणी करतात का, शब्द म्हणून घेतात का, तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, एवढं विचारलं तरी पुरे.

मॅडमनी शेवटी मामींना समोर बसवलं. ओरडायचं नाही, समोर येऊन, उजेडात, नेहमीपेक्षा जरा सावकाश बोलायचं. मामी म्हणाल्या, "म्हंजे फोडणी सोडून मी यांच्यापुढं येऊन उभी ऱ्हाऊ?" मग मॅडमनी सहज विचारलं, "काकू, तुम्ही काय करत होता?"

"कांड्या भरत होते. ह्यांच्याच शेडमधी."

मॅडमनी नवा फॉर्म काढला. मामी नको नको म्हणत कुड्या काढून माझ्या हातात देऊन आत गेल्या. काचेतून पाहिलं तर त्यांचा अंगठा जागचा हलत नव्हता. मामा नको तिथे दाबत होते, या हवं तिथेही दाबेनात. रेघ मामांच्याही खाली जायला लागली, तशी मॅडम थांबल्या आणि माइकवर म्हणाल्या, "काकू, आल्यासारखा वाटला तरी दाबायचं."

"वाटलं म्हणून दाबायचं? आन् नसला आला तर? खोटं नाही का व्हायचं?"

"नाही होत. दाबा तुम्ही."

"मग आधी नीट सांगायचं की," मामी म्हणाल्या, आणि रेघ पंधरा डेसिबलने वर आली.